अंधारी मशीद

मागच्या वर्षी नववीच्या एका मुलाने कल्याणच्या इतिहासावर सहा पानांचा प्रकल्प लिहून आणला. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हा प्रकल्प मराठीचा होता आणि मुलाचं अक्षर इतकं नेटकं की वाचायच्या आधीच चांगले गुण द्यावेसे वाटले. मग वाचायला घेतला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की कल्याण ही चालुक्य राजांची राजधानी होती. तिसऱ्या पानावर शेणाळे तलावाचं वर्णन होतं, आणि त्यात हे वाक्य : 'तलावाच्या काठी प्रसिद्ध अंधारी मशीद आहे.'

शेणाळे तलावाला कल्याणची माणसं काळा तलाव म्हणतात. तिथली मशीद काळी मशीद म्हणून ओळखली जाते. अंधारी मशीद हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि माझा जन्म कल्याणचाच.

"हे कुठून आणलंस?"

"सर, गूगलवर पहिलंच येतं."

पहिलंच येतं म्हणजे खरं असणार, असा त्याचा साधा हिशोब. वर्गातल्या चाळीसपैकी चाळीस मुलांचा हाच हिशोब आहे. त्यांच्या आईबापांचाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांचाही. पण त्या दुपारी मला हसू आलं आणि लगेच ते घशात अडकलं. 'अंधारी' हा शब्द कुठून आला असेल याचा मला अंदाज आला होता, आणि तो अंदाज माझ्याच दाराशी येऊन थांबत होता.

त्याबद्दल पुढे सांगतो. आधी पहिलं कोण येतं आणि का येतं, याचा इतिहास पाहू. तो फार जुना नाही, माझ्या नोकरीच्या आधी थोडाच सुरू होतो. पण त्याची मुळं मात्र जुनी आहेत.

1873 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने वकिलांसाठी एक सोय काढली. एखाद्या जुन्या निकालाचा दाखला नंतरच्या कोणकोणत्या निकालांत दिला गेला, याच्या याद्या तो डिंक लावलेल्या कागदावर छापायचा. वकील त्या पट्ट्या आपल्या कायद्याच्या पुस्तकात चिकटवायचे. ज्या निकालाचा दाखला नंतर वारंवार घेतला गेला त्याचं वजन जास्त, आणि जो पुढे फिरवला गेला तो वापरायचा नाही. 1955 साली युजीन गारफिल्डने हीच कल्पना विज्ञानाच्या लेखांना लावायचं सुचवलं आणि पुढच्या दशकात त्याची संदर्भसूची छापून येऊ लागली. कोणाचा लेख किती जणांनी संदर्भ म्हणून घेतला, हे आता मोजता येऊ लागलं. मोजता येऊ लागलं की माणसं ते वाढवायच्या मागे लागतात, हे प्राध्यापक मंडळींना वेगळं सांगायला नको.

टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा आराखडा मांडला, तेव्हा एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा, म्हणजे लिंक, हा त्याचा प्राण होता. 1991 मध्ये वेब सर्वांसाठी खुली झाली. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. तेव्हा शोधायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, याहूसारखी हाताने लावलेली यादी, ग्रंथालयातल्या सूचीसारखी. दुसरी, अल्टाव्हिस्टासारखं यंत्र, जे पानावरचे शब्द पाहून निकाल द्यायचं. ज्या पानावर तो शब्द जास्त वेळा ते पान वर. साहजिकच लोकांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला काही दिसायचं नाही, यंत्राला सगळं दिसायचं. म्हणजे पान स्वतःबद्दल स्वतःच गवाही देत होतं, आणि यंत्र ती मान्य करत होतं.

1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हे उलटं केलं. त्यांच्या पहिल्या प्रयोगाचं नावच 'बॅकरब' होतं, कारण तो मागून येणाऱ्या लिंका मोजायचा. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर त्याच्याकडे किती बोटं दाखवतात हे बघा, असा त्यांचा विचार. शिवाय सगळी बोटं सारखी नाहीत. ज्याच्याकडे स्वतः पुष्कळांनी बोट दाखवलंय, त्याच्या बोटाचं वजन जास्त. आणि एका पानाने शंभर जणांकडे बोट दाखवलं तर त्याचं वजन शंभर ठिकाणी वाटलं जाणार. या पद्धतीला पेजरँक म्हणतात. नाव पानावरूनही आहे आणि पेज या आडनावावरूनही. तिच्या मूळ अहवालावर या दोघांबरोबर राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड या त्यांच्या प्राध्यापकांचीही नावं आहेत. मोटवानींचा जन्म जम्मूचा.

हे वाचताना आमच्या मदरशात बसलेल्या कुणालाही इस्नाद आठवेल. हदीस सांगणाऱ्याने ती कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, अशी थेट मूळ माणसापर्यंतची साखळी. इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत इब्न सिरीन यांचं म्हणणं नोंदवलंय. त्याचा आशय असा की आधी लोक साखळी विचारत नसत. समाजात फितना माजला तेव्हा मात्र सांगणाऱ्यांची नावं विचारली जाऊ लागली. म्हणजे साखळीची गरज विश्वास तुटल्यावर पडली. वेबचंही तेच झालं.

पण खरं साम्य मला तवातुरमध्ये दिसतं. मुहद्दिसांनी 'मुतवातिर' नावाचा एक दर्जा ठरवला आहे : एखादी गोष्ट प्रत्येक पिढीत इतक्या माणसांनी सांगितलेली असावी की त्या सगळ्यांनी मिळून खोटं ठरवलं असेल हे अशक्य वाटावं. यात नुसती संख्या पुरत नाही. ती माणसं एकमेकांपासून वेगळी हवीत, त्यांच्यात संगनमत शक्य नसावं, ही खरी अट. पेज आणि ब्रिन यांनी नकळत हीच अट धरली होती. हजार वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या मनाने एका पानाची लिंक दिली, तर त्या पानात काहीतरी असणार. 1998 च्या वेबवर हे बऱ्यापैकी खरं होतं. लिंक देणारा प्राध्यापक होता, विद्यार्थी होता, छांदिष्ट होता. त्याला लिंक देऊन काही मिळत नव्हतं.

मग मिळायला लागलं.

2000 च्या अखेरीला गूगलने ब्राउझरवर बसवायची एक पट्टी दिली. त्यात प्रत्येक पानाची पत हिरव्या रेघेने दिसायची, शून्य ते दहा. माझ्या मते सगळा बाजार या हिरव्या रेघेने उभा केला. तोपर्यंत लिंकेचं वजन फक्त गूगलला कळायचं. आता ते गिऱ्हाइकालाही दिसू लागलं, आणि ज्याचं वजन दिसतं त्याला भाव लागतो. चारच्या पानावरची लिंक एवढ्याला, सहाच्या पानावरची तेवढ्याला. एकमेकांना लिंका देणाऱ्या पानांची शेतंच्या शेतं उभी राहिली, त्यांना नावही तेच होतं, लिंक फार्म. ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांत औषधांच्या आणि जुगाराच्या लिंका येऊन पडू लागल्या. तेव्हा जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण काढली. ही खूण असलेली लिंक म्हणजे गवाही समजू नये. काहींनी याचा खेळही केला. 2003 च्या सुमारास अमेरिकेत बऱ्याच लोकांनी ठरवून 'दारुण अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून जॉर्ज बुश यांच्या अधिकृत पानाला लिंका दिल्या. ते शब्द शोधले की राष्ट्राध्यक्ष पहिले यायचे. 2007 च्या जानेवारीत गूगलने ते बंद केलं. लोक हसले, पण ठरवून केलेलं संगनमत किती सोपं आहे हेही सगळ्यांना कळलं.

आणि या बाजाराला स्वस्त हात हवे होते. इंग्रजी येणारे, कॉम्प्युटर येणारे, रात्री जागणारे. इथे ठाणे-कल्याण येतं.

1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून इथली माणसं सकाळी मुंबईला जातात आणि रात्री परत येतात. दीडशे वर्षांनी पहिल्यांदाच असं काम निघालं ज्यासाठी मुंबईला जावं लागत नव्हतं. 2005 नंतर ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणमध्ये दुकानांच्या वरच्या माळ्यावर, भाड्याच्या टू-रूम किचनमध्ये अशी ऑफिसं दिसू लागली. बाहेर पाटी 'वेब सोल्युशन्स' किंवा 'इन्फोटेक' अशी काहीतरी. आत दहा-बारा मुलं-मुली, बहुतेक बीकॉम. काम अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकाचं. रोज इतक्या डिरेक्टऱ्यांत नाव नोंदवायचं, इतक्या ठिकाणी प्रतिक्रिया टाकायच्या, इतके लेख चढवायचे आणि प्रत्येक लिंक एक्सेलच्या तक्त्यात लिहायची. तक्त्यात एक रकाना 'पीआर', म्हणजे ती हिरवी रेघ. मुलांना आपण नक्की काय करतो हे घरी सांगता यायचं नाही. आई विचारायची, तर "कॉम्प्युटरचं काम" एवढंच.

मी 2009 च्या उन्हाळ्यात या कामात शिरलो. बीएड होऊन शिक्षण सेवक म्हणून लागलो होतो. मानधन तुटपुंजं, नवं लग्न, आणि उन्हाळ्याची सुट्टी. कॉलेजचा एक मित्र ठाण्यातल्या अशाच एका ऑफिसात होता. म्हणाला, "यार, तुझं इंग्रजी बरं आहे. लेख लिही. शब्दाला दहा पैसे." पाचशे शब्दांचे पन्नास रुपये. मी जुना कॉम्प्युटर घेतला आणि रात्री बसू लागलो. रोज चार, कधी पाच लेख. गुडघेदुखी, बाथरूमच्या फरशा, कॅनडाचा व्हिसा, सगळ्यावर लिहिलं. ज्या देशात कधी पाऊल ठेवलं नाही तिथल्या छपरांची डागडुजी कशी करावी हेही मी लोकांना सांगितलंय.

त्यात एक काम सामान हलवणाऱ्या कंपनीचं आलं. कल्याणहून सामान हलवायचं तर त्यांचं नाव पहिलं यायला हवं होतं. पण लेख जमा करणाऱ्या डिरेक्टऱ्या निव्वळ जाहिरात घेत नसत. लेख माहितीचा असावा लागे आणि लिंक शेवटी, लेखकाच्या परिचयाच्या चौकटीत. म्हणून मला सांगितलं, कल्याणच्या इतिहासावर काहीतरी लिही. मी खूश झालो. आपल्या गावावर लिहायचे पन्नास रुपये!

पाऊण तासात लेख झाला. गूगलवर इंग्रजीत कल्याण टाकलं, चालुक्य राजांची राजधानी कल्याण असं आलं, ते उतरवलं. चालुक्यांचं कल्याण म्हणजे कर्नाटकात बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. अकराव्या शतकात सोमेश्वराने राजधानी तिकडे नेली, पुढे बाराव्या शतकात बसवण्णा तिथेच होते. हे बीएड झालेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. कदाचित होतंही. पण घड्याळात दीड वाजला होता आणि अजून दोन लेख बाकी होते. शेवटी थोडं स्वतःचं घातलं : शेणाळे तलाव आणि त्याच्या काठची काळी मशीद. लहानपणी नानीजान मला तिथे न्यायच्या. मी इंग्रजीत 'ब्लॅक मॉस्क' लिहिलं. लेखकाच्या नावाच्या जागी ऑफिसने एका गोऱ्या बाईचं नाव घातलं. सगळ्याच लेखांवर तिचं नाव असायचं. ती कोण होती हे मला माहीत नाही. बहुधा कुणीच नव्हती.

मग त्या लेखाचं 'स्पिनिंग' झालं. हा प्रकार आता जवळजवळ विसरला गेलाय, म्हणून सांगतो. एकच लेख शंभर ठिकाणी टाकला तर यंत्र ओळखणार. म्हणून प्रत्येक शब्दाच्या जागी महिरपी कंसात त्याचे पर्याय द्यायचे, मध्ये उभ्या रेघा. 'मोठा' असेल तर मोठा, भव्य, विशाल. सॉफ्टवेअर त्यातला एकेक शब्द उचलून शेकडो लेख काढायचं. प्रत्येक लेख थोडा वेगळा आणि प्रत्येकाच्या तळाशी तीच लिंक. पर्याय भरायचं काम ऑफिसातली मुलं करायची, कोशात बघून, खाली मान घालून. 'ब्लॅक'च्या कंसात त्यांनी 'डार्क' भरला असणार.

त्या दुपारी शाळेच्या कॉम्प्युटरवर मी आणि तो मुलगा बसलो आणि साखळी उलटी काढली. त्याने उतरवलेलं मराठी पान एका घरं विकणाऱ्या साइटचं होतं. कल्याणमधले फ्लॅट, आणि जोडीला 'कल्याणचा गौरवशाली इतिहास'. ते एका इंग्रजी पानावरून जसंच्या तसं भाषांतर केलेलं निघालं. तिथे 'डार्क मॉस्क' होतं. कुणा माणसाने किंवा यंत्राने त्याचं अंधारी मशीद केलं. त्या इंग्रजी पानाच्या तळाशी एका लेख-डिरेक्टरीचं नाव होतं, पण ती डिरेक्टरी बंद पडली होती. कडी तिथे तुटत होती. पुढची कडी मला माहीत होती.

मुलगा म्हणाला, "सर, आता मूळ सापडणार नाही."

मी त्याला लगेच काही सांगितलं नाही. सांगायला दोन दिवस लागले.

माझ्या त्या पन्नास रुपयांच्या धंद्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या मोठ्या अमेरिकी दुकानाची गोष्ट छापली. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत काहीही शोधलं की काही महिने हेच दुकान पहिलं येत होतं, कारण कपड्यांशी संबंध नसलेल्या हजारो पानांवरून त्याला लिंका दिलेल्या होत्या. गूगलने त्याला खाली ढकललं. दुकान म्हणालं, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच महिन्यात गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला आणि पोकळ लेखांच्या डिरेक्टऱ्या कोसळल्या. 24 एप्रिल 2012 रोजी 'पेंग्विन' आला. तो थेट विकतच्या आणि बनावट लिंकांवर होता. जी साइट कालपर्यंत पहिली होती ती दहाव्या पानावर गेली.

ठाण्यातलं ते ऑफिस त्या पावसाळ्यात निम्मं झालं. मित्राने सांगितलेला पुढचा भाग मला विसरता येत नाही. उरलेल्या मुलांना नवं काम मिळालं : दोन वर्षांपूर्वी स्वतः लावलेल्या लिंका काढायच्या. साइटवाल्यांना एकेक मेल लिहायची, कृपया आमची लिंक काढा. काही साइटवाले काढायचेही पैसे मागत. ऑक्टोबर 2012 मध्ये गूगलने लिंका नाकारायची सोय दिली. यादी जोडायची आणि सांगायचं की ही गवाही आमची नाही. मुलं तेच एक्सेलचे तक्ते उघडून बसली. लावलेल्याचे पगार घेतले, काढण्याचेही घेतले.

मी तोपर्यंत बाहेर पडलो होतो. नीतीने पडलो असं म्हणणार नाही. नोकरी कायम झाली, गरज संपली.

बाजार मात्र संपला नाही, फक्त कपडे बदलले. डिरेक्टरीच्या जागी पाहुण्या लेखकाचे लेख आले. 2014 च्या जानेवारीत गूगलच्या मॅट कट्स यांनी तोही मार्ग सडला असं जाहीर केलं. 2019 मध्ये विकतच्या लिंकेवर 'स्पॉन्सर्ड' अशी खूण करा म्हणून सांगितलं गेलं. पैसे घेऊन दिलेली गवाही, पण पैसे घेतले हे लपवलेलं. मुहद्दिसांकडे साखळीतली कमजोर कडी लपवण्याला एक शब्द आहे, तदलीस. असं करणाऱ्या रावीला मुदल्लिस म्हणतात, आणि कोण मुदल्लिस आहे याच्या स्वतंत्र याद्या उलमांनी हजार वर्षांपूर्वीपासून करून ठेवल्यात. त्यांनी संख्येवर कधीच भागवलं नाही. रावी कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खरं बोलतो का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का, हे सगळं अस्मा-उर-रिजालच्या ग्रंथांत माणसागणिक लिहिलंय. तारीख-ए-बगदादमध्ये इमाम बुखारींची गोष्ट आहे. ते बगदादला आले तेव्हा तिथल्या विद्वानांनी शंभर हदीस घेतल्या, त्यांच्या साखळ्या अदलाबदल केल्या आणि दहा माणसांना दहा-दहा वाटून दिल्या. भर मजलिसीत एकेकाने विचारलं. बुखारी प्रत्येकाला म्हणाले, मला ही माहीत नाही. सगळे विचारून झाल्यावर त्यांनी शंभरही साखळ्या आपापल्या हदीसला परत जोडून दाखवल्या. 870 साली वारलेल्या या माणसापुढे माझा 'डार्क मॉस्क' एक क्षण टिकला नसता.

पण गूगलला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, आणि फक्त स्वतःला देऊनही. त्या मुलाने कल्याण शोधलं तेव्हा माझा लेख वर का आला? कारण त्याच्या वाटेत दुसरं फारसं काही नव्हतं. हे मला जास्त लागतं.

कल्याणबद्दल खरं लिहिलेलं कमी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण बंदर म्हणून येतं. तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं त्यात नोंदलंय. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. सहाव्या शतकात कॉस्मसने इथल्या ख्रिस्ती लोकांची आणि इराणहून नेमून आलेल्या त्यांच्या बिशपची नोंद केली. शेजारचं ठाणे बलाझुरीच्या 'फुतूह-उल-बुलदान'मध्ये आहे, अल-बिरूनीच्या 'किताब-उल-हिंद'मध्ये कोकणची राजधानी म्हणून आहे. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शेणाळे तलाव आहे, काळी मशीद आहे, मोहतबरखानाची कबर आहे. 1864 पासून कल्याण सार्वजनिक वाचनालय आणि 1893 पासून ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय हे सगळं सांभाळून आहेत.

पण यातलं वेबवर किती काळ आणि कसं होतं? मराठी वर्तमानपत्रं बरीच वर्षं आपापल्या वेगळ्या फॉन्टमध्ये होती. यंत्राला ती अक्षरं म्हणजे निरर्थक चिन्हं. उर्दूची अवस्था त्याहून वाईट. आमचं नस्तालीक टाइपात बसवणं इतकं अवघड की वर्तमानपत्रं इनपेजमध्ये पान लावायची आणि त्याचं चित्र काढून साइटवर टाकायची. डोळ्यांना सुंदर, पण यंत्राला कोरी भिंत. चित्रात शब्द शोधता येत नाही, आणि त्यातल्या एका मजकुराला लिंकही देता येत नाही. शहरातल्या जुन्या घराण्यांवर, मशिदींवर, मुशायऱ्यांवर उर्दूत जे काही छापून आलं ते वर्षानुवर्षं असं भिंतीमागे राहिलं. ज्यांना माहीत होतं त्यांची गवाही नोंदलीच गेली नाही. ज्याला माहीत नव्हतं त्याच्या नावावर, म्हणजे त्या गोऱ्या बाईच्या नावावर, शेकडो गवाह उभे होते.

युनिकोड आलं, अडचण बरीच सुटली. तरी आपली सवय सुटली नाही. आपण मराठीत लिहितो तेव्हा 'असे म्हणतात', 'जाणकार सांगतात' यावर भागवतो. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर नाव कापून पुढे ढकलतो. दुसऱ्याच्या लेखातून घेतलं तर त्याची लिंक देताना हात आखडतो, जणू आपलं काही कमी होणार. ज्या समाजाने सनद हा शब्द जगाला दिला त्याच्या लेखकांनी, आणि यात हा ब्लॉग लिहिणाराही आला, एकमेकांच्या लेखांना किती लिंका दिल्यात ते मोजून पाहावं. मी माझ्या जुन्या लेखांचं मोजलं. आकडा इथे लिहीत नाही.

दोन दिवसांनी मी त्या मुलाला सांगितलं की मूळ सापडलंय. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने अगदी व्यवहारी प्रश्न विचारला, "सर, पन्नास रुपये तेव्हा जास्त होते का?"

रविवारी आम्ही दोघं वाचनालयात गेलो. गॅझेटियरच्या पानांना हात लावताना तो आधी घाबरत होता. इंग्रजी त्याला जड गेलं, मी अर्थ सांगत गेलो आणि त्याने पानांचे आकडे लिहून घेतले. तिथून चालत तलावावर गेलो. मशिदीपाशी उभं राहून त्याने मोबाइलवर फोटो काढला, ऊन भरपूर होतं.

घरं विकणाऱ्या त्या साइटलाही मी मेल लिहिली की तुमच्या पानावर दोन चुका आहेत, बरोबर माहिती ही, आणि तिचा आधार हा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यात दरपत्रक होतं : आमच्या साइटवर लेख टाकायचा असेल तर एवढे, असलेल्या पानात लिंक घालायची असेल तर एवढे, तीन घेतल्या तर सवलत. चुकांबद्दल एक अक्षर नाही. ते पान अजून तसंच आहे, आणि मी हे लिहिण्याआधी पाहिलं तेव्हा पहिलंच येत होतं.

मुलाने प्रकल्प पुन्हा लिहिला, या वेळी नऊ पानं. शेवटच्या पानावर 'आधार' असा मथळा घालून त्याने गॅझेटियरचं वर्ष आणि पानं लिहिली, वाचनालयाचं नाव लिहिलं. खाली दुसरा मथळा होता, 'आधीच्या चुकीची साखळी'. त्यात त्याने चार कड्या क्रमाने मांडल्या होत्या : मराठी साइट, इंग्रजी साइट, बंद पडलेली डिरेक्टरी, आणि चौथ्या ओळीत 'आमचे सर, 2009'. मी लाल पेनने त्या ओळीखाली सही केली आणि वही परत दिली.